चहाला उठायची जागा

भाऊजींना सिनेमाचं वेड नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वेड असलेल्या माणसाला नटांचे वाढदिवस पाठ असतात. भाऊजींना नटांची नावंसुद्धा धड आठवत नसत. त्यांचं काम लिफ्टच्या दुरुस्तीचं. एखाद्या इमारतीत सुटा भाग यायची वाट बघत दुपार मोकळी गेली, की समोर दिसेल त्या थिएटरात शिरायचं आणि लागलेलं असेल ते बघायचं, एवढाच त्यांचा शौक. पण मत मात्र असायचं. ठाम असायचं. आणि ते ऐकायला घरी वहिनी असायची.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्याला बरीच वर्षं झाली होती. घराच्या तळमजल्यावर वहिनीचं कपडे बेतून-उसवून देण्याचं दुकान होतं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, असली कामं. वरच्या मजल्यावर ती आणि तिची मुलगी राहायच्या आणि गच्चीवरच्या खोलीत भाऊजी. ती लग्न होऊन आली तेव्हा हे शाळेत जात होते, तरी तिनं पहिल्या दिवसापासून यांना ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं. पुढे सगळी गल्लीच भाऊजी म्हणायला लागली.

संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर बसून भाऊजी निकाल द्यायचे. “बाप मेलाय आणि ही बया रडतेय, पण केसाची बट जागची हलत नाही. याला काय रडणं म्हणतात?” किंवा, “व्हिलन लिफ्टमध्ये बसतो, दोर तुटतो आणि लिफ्ट धाडकन खाली. अरे, दोर काय एकच असतो का? चार-पाच असतात. ते सगळे तुटले तरी खाली सेफ्टी असते, ती रुळाला पकडते. त्या दिग्दर्शकाला एकदा शाफ्टमध्ये उतरवला पाहिजे.” मशीनवरची मान वर न करता वहिनी म्हणायची, “तुम्हीच का काढत नाही एखादा?” भाऊजी म्हणायचे, “मग बघायला कोण राहील?”

आणि त्यांची ती प्रसिद्ध कसोटी होती. मध्यंतरानंतर प्रत्येक सिनेमा एके ठिकाणी ढिला पडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हातारी माणसं येतात, हळू बोलतात, कुणी तरी खिडकीतून बाहेर बघतं. ती जागा आली की भाऊजी उठायचे, बाहेर जाऊन निवांत चहा घ्यायचे आणि परत येऊन बसायचे. गोष्ट कळली, काही अडलं नाही, तर तो भाग फुकटचा. आजवर त्यांचं एकदाही अडलं नव्हतं. “सगळ्या सिनेमांना चहाला उठायची जागा असते, वहिनी,” ते सांगायचे. “तेवढी कापली तर लोक लवकर घरी जातील.”

तर त्या दुपारी वहिनीनं सगळ्यांना सिनेमाला नेलं. हे कधी घडलं नव्हतं. दुकानाला कुलूप, अंगावर ठेवणीतले कपडे, आणि सोबत समोरच्या बेकरीवाल्या नवरा-बायकोसकट गल्लीतली दहा-बारा माणसं. सगळ्यांची तिकिटं वहिनीनंच काढलेली. भाऊजी कामावरून परस्पर थिएटरवर पोचले. दारावरचं पोस्टर बघून त्यांचा चेहरा पडला.

“हा? हा मी बघितलाय.”

“कसा बघितला? आज तर लागला,” पुतणी म्हणाली.

“अगं, बनत होता तेव्हाच. त्या एडिटिंगवाल्यांच्या इमारतीत माझंच लिफ्टचं काम आहे ना.” भाऊजींची छाती थोडी फुगली. “वर त्यांनी दहा-पंधरा लोकांना बोलावून दाखवला होता. मी दरवाज्याचा सेन्सर बदलत होतो, तर तो दाढीवाला दिग्दर्शक म्हणाला, काका, तुम्हीपण बसा, आम्हाला साधा प्रेक्षक हवाय. बसलो. ठीक आहे सिनेमा. ट्रकवाला एकाला उडवतो आणि पळून जातो. मग—”

“काका, गप्प बस!” पुतणी जवळजवळ ओरडलीच. मग तिनं आईकडे बघितलं आणि तिला राहवेना. “तू बघितलास आणि घरी येऊन काहीच बोलला नाहीस? आई आहे ना त्यात!”

“कोण आई?”

“माझी आई! ही!”

भाऊजींनी वहिनीकडे बघितलं. वहिनी लाजली होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिला लाजताना बघितलं नव्हतं.

मग ते सगळं दारातच बाहेर आलं. सिनेमावाले हीरोचे कपडे बसवून घ्यायला तिच्या दुकानात आले होते. हीरो सारखा हलत होता म्हणून हिनं त्याला दरडावलं, ‘सरळ उभा राहा, नाही तर टाचणी टोचेल.’ तो दाढीवाला तिच्याकडे बघतच राहिला आणि दोन दिवसांनी परत आला तो भूमिका घेऊन. मागे ती ‘गावाबाहेर मोठं शिवणकाम आहे’ म्हणून आठवडाभर रोज जात होती, ते शिवणकाम हेच होतं.

“तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही,” वहिनी म्हणाली. “सांगितलं असतं तर तुम्ही आधीच शिकवायला बसला असता. आणि म्हटलं, न सांगता बघितलंत तर खरं मत कळेल. जगातल्या सगळ्या नट्यांना नावं ठेवता, आता माझ्याबद्दल काय बोलता बघू.” तिनं आवाज खाली आणला. “बाकी कुणाला आवडो न आवडो, भाऊजी. मला तुमचंच मत हवंय. आता बघितलंयच तुम्ही, तर सांगून टाका. कशी होते मी?”

 भाऊजींनी तो सिनेमा बघितला होता आणि त्यात वहिनी नव्हती. शपथेवर सांगितलं असतं. पडद्यावर वहिनी आली असती आणि त्यांनी ओळखली नसती, हे कसं शक्य होतं?

“आत गेल्यावर सांगतो,” ते कसेबसे म्हणाले.

“तिचं काम मध्यंतरानंतर आहे,” पुतणी बेकरीवालीला सांगत होती. “मेलेल्या माणसाची आई. ट्रकवाला तिच्या घरी येतो, तो सगळा भाग.”

भाऊजींनी ते ऐकलं.

मध्यंतरानंतर. म्हातारी आई. ट्रकवाला एका घराच्या पायऱ्या चढतो, एवढं त्यांना आठवत होतं. तेवढ्यावरच ‘आली जागा’ म्हणून ते उठले होते. खाली जाऊन चहा घेतला होता, वॉचमनशी दोन गोष्टी बोलले होते. परत आले तेव्हा ट्रकवाला पोलीस चौकीत उभा होता. त्यांना सगळं समजलं होतं. काही अडलं नव्हतं. आणि नंतर दिव्यांच्या उजेडात दाढीवाल्यानं, ‘काका, सिनेमा लांबलाय, काय कापू?’ असं विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी आपली कसोटी ऐटीत सांगितली होती. ‘तो म्हातारीचा भाग काढा. मी चहा पिऊन आलो, माझं काही अडलं नाही.’

दाढीवाल्यानं त्यांच्याकडे टक लावून बघितलं होतं. कुणी तरी हसलं होतं. भाऊजींना वाटलं होतं, आपण बाजी मारली.

अंधार झाला, सिनेमा सुरू झाला. वहिनी भाऊजींच्या शेजारी बसली होती. भाऊजी देव मानणारे नव्हते, पण त्या अंधारात त्यांनी मिळेल त्या देवाला हाक मारली. एवढा मोठा दिग्दर्शक, तो एका लिफ्टवाल्याचं कशाला ऐकेल? असली माणसं दहा जणांना विचारतात आणि आपल्याच मनाचं करतात. या विचारानं त्यांना जरा धीर आला. मध्यंतरात बेकरीवाल्यानं सगळ्यांना बिस्किटं वाटली. वहिनीनं घेतलं नाही. ती स्वतःशीच हसत होती.

पुढचा भाग सुरू झाला. ट्रकवाला गल्लीत शिरला. पायऱ्या दिसल्या. पुतणीनं आईचा हात घट्ट धरला. “आता,” ती कुजबुजली. गल्लीतली माणसं सावरून बसली.

ट्रकवाल्यानं पायऱ्यांकडे बघितलं. आणि पुढच्या क्षणी तो पोलीस चौकीत उभा होता.

 मागच्या रांगेतला कुणी तरी म्हणाला, “अरे, याला अचानक काय झालं? हा चौकीत का आला?” दुसरा म्हणाला, “झोपला होतास काय?” दोघं हसले. भाऊजींना मान वळवून वहिनीकडे बघायचं धाडस होईना. तिनं मुलीच्या हातातून हात सोडवून घेतला होता, एवढं त्यांना कळलं.

सिनेमा संपला. शेवटी नावं वर सरकायला लागली आणि त्यात, काय क्रूरपणा बघा, ‘आई’ असं लिहून पुढे वहिनीचं नाव तसंच होतं. माणूस काढून टाकला आणि नाव पुसायला विसरले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. बेकरीवाली बिचारी भाबडेपणानं म्हणाली, “सुरुवातीला अपघाताच्या गर्दीत दिसलीस हं मला!” वहिनी म्हणाली, “हो का?” आणि सगळ्यांना ‘आलात, बरं वाटलं’ म्हणत ती एकटीच पुढे चालायला लागली.

त्या संध्याकाळी भाऊजी दुकानाच्या स्टुलावर बसले नाहीत. पोट बिघडलंय म्हणून गच्चीवर जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातातलं काम टाकून त्या एडिटिंगच्या इमारतीत गेले. दाढीवाला खालीच भेटला, लिफ्टची वाट बघत. भाऊजींना बघून त्यानं चक्क मिठी मारली.

“काका! तुम्ही वाचवलंत मला. सिनेमा लांबलाय म्हणून निर्माता मानगुटीवर बसला होता.”

“तो भाग परत घाला,” भाऊजी म्हणाले.

“कुठला?”

“म्हातारीचा. आईचा. तो घाला परत.”

दाढीवाला हसायला लागला. मग भाऊजींचा चेहरा बघून थांबला. “आता कसा घालणार? सगळीकडे गेला सिनेमा.”

“मग तेवढा तुकडा तरी द्या. आम्ही घरी बघू.”

“सगळा माल निर्मात्याकडे आहे. माझ्या हातात नाही राहिलं काही.” तो जरा गंभीर झाला. “खरं सांगू? मला तो कापायचा नव्हता. त्या दिवशी खोलीतले सगळे त्या भागाला रडले होते. माझी साउंडवाली मुलगी तर उठून बाहेर गेली. पण मी म्हटलं, हे आपलेच लोक, हे रडणारच. खरा प्रेक्षक तुम्ही एकटेच होतात. आणि तुम्ही तर मजेत चहाला उठून गेलात.”

लिफ्ट आली, दरवाजा उघडला, थोडा वेळ उघडा राहून परत मिटला. दोघांपैकी कुणीच आत गेलं नाही.  रडले होते. सगळे रडले होते. आणि यांनी, चहाचा कप धरलेल्या यांनी, एका वाक्यात तिला पुसून टाकलं होतं.

ते थेट दुकानात आले. वहिनी एका शर्टाचे खांदे उसवत होती. पुतणी कामावर गेली होती. भाऊजी दारातच उभे राहिले.

“या. बरं आहे का पोट?” वहिनी म्हणाली. मग खाली बघतच म्हणाली, “रात्रभर विचार करत होते. मीच वाईट केलं असणार. नवखी बाई, कॅमेऱ्यासमोर चेहरा दगड झाला असेल. ते लोक तोंडावर छान-छान म्हणत होते, पण म्हणायचं म्हणून. उगाच गल्लीला घेऊन गेले. तुम्ही तर तो भागसुद्धा बघितला असेल ना, कापायच्या आधी? दारात काही बोलला नाहीत, तेव्हाच समजायला हवं होतं मला.”

“वहिनी, नाही गं—”

“बोला हो. मी काही रडणार नाही. बाकीच्यांना बोलता तसंच बोला.”

भाऊजींनी सांगून टाकलं. सगळं. पायऱ्या, चहा, वॉचमन, दाढीवाल्याचा प्रश्न आणि आपलं उत्तर.  दाढीवाला सकाळी काय म्हणाला, तेही सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

वहिनीच्या हातातली कात्री थांबली.  पहिल्यांदा तिला ते नीट कळलंच नसावं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“म्हणजे तुम्ही बघितलंच नाही.”

“नाही.”

“न बघताच सांगितलंत.”

भाऊजींनी मान खाली घातली. ती ओरडली असती, कात्री फेकून मारली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं तसलं काहीही केलं नाही. ती उठली, तिनं दुकानाचं दार लोटलं आणि म्हणाली, “इथे उभे राहा. मधे.”

“काय करतेस?”

“बोलायचं नाही. ट्रकवाला झालेल्या त्या हीरोलाही तिथे फक्त उभं राहायचं होतं. आणि मधेच उठून जायचं नाही.”

भाऊजी दुकानाच्या मधोमध उभे राहिले. वहिनी त्यांच्याकडे पाठ करून घड्या घालायला लागली. गिऱ्हाइकांचेच कपडे होते, रोजच्याच घड्या होत्या, पण तिचे खांदे बदलले. भाऊजींच्या डोळ्यांदेखत ती म्हातारी झाली. ती वळली आणि तिनं त्यांना बघितलं, पण ते कुणी भलतेच असल्यासारखं.

“बरं झालं आलास,” ती म्हणाली. “तुझ्याच अंगाचा होता तो. ये, हा घालून बघ.”

तिनं उसवलेला शर्ट त्यांच्या अंगावर चढवला. खांद्यावरून हात फिरवून शिवण कुठे येते ते बघितलं. एकेक बटण लावायला घेतलं, वरून खाली, सावकाश. “बाह्या त्याला आखूडच व्हायच्या. सारखा कुरकुरायचा. मी म्हणायची, आणशील तेव्हा उतरवून देईन. आणलाच नाही.” तिचा हात त्यांच्या छातीवर थांबला. भाऊजींचं काळीज जोरात धडधडत होतं आणि ते तिच्या हाताला कळत होतं, हे त्यांना समजलं. “चांगला बसतोय. घेऊन जा तू. कपाटात ठेवून काय करू?” शेवटचं बटण लावताना ती खालच्या आवाजात, अगदी शर्टाबद्दलच बोलावं तसं म्हणाली, “ब्रेक लागले नाहीत, की लावलेच नाहीस?”

 तिला ठाऊक होतं. तिला ट्रकवाला दारात आला तेव्हापासूनच ठाऊक होतं. आणि तरीही तिनं त्याला शर्ट घातला होता. भाऊजी एक पाऊल मागे सरले. त्यांना त्या खोलीतून बाहेर पळायचं होतं, रस्त्यावर जाऊन कुणाला तरी ‘मी केलं, मी’ म्हणून सांगायचं होतं. ट्रकवाला चौकीत का उभा होता, ते त्यांना आत्ता कळलं. वहिनीनं त्यांच्या कॉलरची घडी नीट केली आणि ती परत वळून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. बस, एवढंच होतं.

थोड्या वेळानं ती मशीनवर जाऊन बसली. आता ती पुन्हा वहिनी होती.

“बोला,” ती म्हणाली.

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. “मला वाटलं, खरंच मी कुणाला तरी मारलंय,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत इतके सिनेमे बघितले, वहिनी. हे असं कुणी केलेलं मी बघितलं नाही. एकानंही नाही. हे कुणाला कापू देता कामा नये. माझ्यासारख्यानं दहा वेळा सांगितलं तरी नाही.”

 वहिनीचा चेहरा एकदा उजळला आणि मग विझला.

“हे त्या दिवशी त्या खोलीत बोलायला हवं होतं, भाऊजी,” ती म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. “काढा तो शर्ट. गिऱ्हाईक येईल न्यायला.”